पोरापोरींच्या मनाचं दुखणं आणि गावातलं आरोग्य केंद्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे, १० ते १९ वयाच्या पोरापोरींशी बोलणं हेच माझं काम. खालचे प्रश्न मला ओपीडीच्या बाकावर, शाळेच्या व्हरांड्यात, आशाताईंच्या मीटिंगमध्ये पुन्हा पुन्हा विचारले जातात, काही पालकांचे आहेत, काही खुद्द पोरांचे, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. जो प्रश्न तुमचा असेल तो वाचा, सगळं वाचायलाच पाहिजे असं नाही.

गावच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मनाच्या दुखण्यावर काही मिळतं का? तिथे तर ताप, लसी आणि बाळंतपणं एवढंच दिसतं.

मिळतं. सगळं मिळत नाही, पण सुरुवात तिथे होऊ शकते आणि हे लोकांना कुणी सांगितलेलंच नसतं. तिथले डॉक्टर तपासून सांगू शकतात की हा थकवा रक्त कमी असल्याचा आहे का थायरॉइडचा का मनाचा, साधं डिप्रेशन किंवा घबराट ओळखू शकतात, आणि पुढे जायची गरज असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी देऊ शकतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, बऱ्याच जिल्ह्यांत त्यांची टीम ठरलेल्या दिवशी तालुक्याला येते, तो दिवस कोणता ते पीएचसीत विचारून घ्या. आणि आपल्या उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात ना, तिथे ज्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम किंवा सर बसतात त्यांच्या कामाच्या यादीत मानसिक आरोग्य आहे. कागदावर आहे म्हणजे सगळीकडे चालतंच असं मी म्हणणार नाही. पण विचारणारे वाढले की चालायला लागतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

त्यापेक्षा सरळ शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडेच नेलं तर?

जमत असेल तर न्या, कुणी अडवत नाही. पण देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाहीये आणि जे आहेत ते बहुतेक शहरात. एक दिवसाची मजुरी बुडवायची, एसटीचं भाडं, फी, परत पंधरा दिवसांनी तेच, दोन खेपांनंतर बहुतेक घरं दम टाकतात आणि पोरगं अर्ध्यातच सुटतं. पीएचसी साधारण ३० हजार लोकसंख्येला एक, आदिवासी आणि डोंगरी भागात २० हजाराला एक, म्हणजे घरापासून त्यातल्या त्यात जवळ. मला असं वाटतं की तज्ज्ञाने अवघड केस बघावी आणि बाकीच्यांचं दुखणं जवळच ऐकलं जावं, तरच पोरं उपचारात टिकतात.

हे वयच असं असतं ना? चिडचिड, मोबाईल, दार लावून बसणं. आजार कशाला म्हणायचं?

वय तसं असतंच, आणि प्रत्येक रुसलेल्या पोराला आजारी म्हणू नये हे अगदी खरं. मी पालकांना दोन गोष्टी बघायला सांगते. एक, आधी कसा होता आणि आता कसा आहे, म्हणजे कबड्डीला पळत जाणारा पोरगा मैदानावर जायचाच बंद झाला, मैत्रिणी घरी आल्या तरी पोरगी बाहेर येत नाही, झोप गेली किंवा दिवसभर झोपच, जेवण तुटलं, पहिल्या पाचात येणारी एकदम दोन विषयांत नापास. दुसरं, हे किती दिवस चाललंय. चार दिवस ठीक आहे, दोन आठवड्यांच्या वर रोजच असं असेल आणि शाळा, घर, मित्र यातलं काहीतरी बंद पडत चाललं असेल तर दाखवा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मनाच्या आजारांपैकी निम्मे १४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, म्हणजे आठवी-नववीत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयात ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मनाचा आजार आढळला. ज्या राज्यांत ते झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली पोरं फार वेगळी असतील असं मानायला काही कारण नाही. साठ पोरांचा वर्ग धरा, चार जण झाले. त्या चारांपैकी किती जण आजपर्यंत एखाद्या डॉक्टरसमोर बसलेत?

मुलीचं पोट दुखतं, डोकं दुखतं, चक्कर येते. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात काही नाही, नाटक करते. नाटक असतं का हे?

नाही. या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आमच्याकडे येणारी निम्मी पोरं याच दारातून येतात.

चौदा वर्षांची मुलगी कधी येऊन म्हणणार नाही की मॅडम मला डिप्रेशन आलंय. तिला तो शब्द माहीत नसतो, माहीत असला तरी घरात तो बोलायची सोय नसते. पोट दुखतंय हे मात्र बोलता येतं, पोट दुखलं की आई जवळ बसते, शाळा चुकते, वडील दवाखान्यात नेतात. आणि दुखणं खरंच असतं, ताण आला की आतडी आवळतात, मानेचे स्नायू ताठ होतात, श्वास जोरजोरात घेतला की हातपाय मुंग्या येऊन वाकडे होतात, घरचे म्हणतात दातखीळ बसली. हे सगळं शरीरात घडतंय, फक्त त्याचं मूळ सोनोग्राफीत दिसत नाही. तिला ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं की ती पुढच्या दवाखान्यात जाते, मग सलाईन, मग ताकदीचं इंजेक्शन, मग परत तपासण्या, पैसे पाण्यासारखे जातात आणि तिला शाळेच्या रस्त्यावर रोज कोण त्रास देतंय हे कुणी विचारतच नाही.

म्हणून डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती असते की रिपोर्ट नॉर्मल आला की गप्पा सुरू करा, थांबवू नका. ‘दुखतंय हे मला पटतंय, हे कधी जास्त दुखतं, शाळेच्या दिवशी का सुट्टीच्या’ एवढा एक प्रश्न विचारला तरी खूप काही बाहेर येतं. तपासणी मात्र सोडायची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहे, त्यामुळे ‘उदास आहे, दमते’ म्हणून आलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन बघायचंच, आणि हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून बाकीचं विचारायचं राहून जाऊ द्यायचं नाही. दोन्ही एकत्र असू शकतं.

मैत्री क्लिनिक म्हणजे काय?

किशोरवयीन मुलामुलींसाठीचं सरकारी क्लिनिक, आपल्या राज्यात त्याला मैत्री नाव दिलंय. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ ला सुरू झाला, त्यात पाळी, आहार, व्यसन, हिंसा यांच्या बरोबरीने मानसिक आरोग्यही घेतलंय. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात, बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांतही असतं, काही पीएचसीत ठरलेल्या वारी चालतं. पाटी कधीकधी जिन्याखाली असते, विचारत जा.

मी १६ वर्षांची आहे. मी एकटी आले तर चालेल का? तुम्ही माझ्या आईला सांगाल का?

ये. एकटी ये, मैत्रिणीला घेऊन ये, पिंपल दाखवायच्या निमित्ताने ये, कशीही आलीस तरी बोलता येईल. तू जे बोलशील ते माझ्याकडेच राहतं, आईने विचारलं तरी मी तुला विचारल्याशिवाय सांगत नाही. पण तीन गोष्टी मी पहिल्याच भेटीत, तू काही बोलायच्या आधी सांगून टाकते, नंतर फसवल्यासारखं नको वाटायला.

तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मला घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल, ते कोण हे आपण दोघी मिळून ठरवू. गोळ्या सुरू करायच्या किंवा ॲडमिट करायचं असेल तर तू १८ च्या आत आहेस म्हणून पालकांची संमती लागते, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये तसंच आहे. आणि तिसरं जरा अवघड आहे: १८ च्या आतल्या मुलीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं मला कळलं तर पॉक्सो कायद्याने मला ते पोलिसांना कळवावंच लागतं, आणि त्या कायद्यात तुमच्या दोघांच्या मर्जीने असलेले संबंधसुद्धा येतात. ही तिसरी गोष्ट ऐकून काही मुली गप्प होतात, मला त्याचं वाईट वाटतं, पण न सांगता बोलतं करणं त्याहून वाईट.

आशाताईला सांगितलं तर गावभर होईल.

ही भीती खोटी नाही, गाव लहान असतं आणि आशाताई कुणाची तरी जाऊ किंवा नणंद असते. पण चांगल्या आशाताईंना गावातल्या किती गोष्टी पोटात ठेवता येतात हे मी बघितलंय, कुणाची पाळी चुकली, कुणाला टीबी निघाला, सगळं त्यांनाच आधी कळतं. त्यांना सगळं सांगायची गरजही नाही, ‘ताई, मला मैत्री क्लिनिकला जायचंय, कधी असतं’ एवढं पुरे. तेही नको असेल तर १४४१६ ला फोन कर.

१४४१६ काय आहे?

टेलिमानस, मनाच्या दुखण्यासाठीची हेल्पलाइन. सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. हा नंबर लागला नाही तर १८००८९१४४१६ लाव. आधी समुपदेशक बोलतात, लागलं तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. लहान मुलाला घरात किंवा बाहेर कुणी मारहाण करतंय, बालविवाह ठरतोय असं काही असेल तर १०९८.

आत जाऊन डॉक्टर नक्की काय विचारतात?

नीट काम करणारे असतील तर आधी आईबाबांशी बोलतात, मग त्यांना पाच-दहा मिनिटं बाहेर बसायला सांगतात. पालकांनो, यात राग मानू नका, हा तुमच्यावर अविश्वास नाही. मग घरात कोण कोण आहे इथपासून सुरुवात, शाळा, खाणंपिणं, मोकळ्या वेळात काय करतोस, दारू-तंबाखू-गुटखा, आवडतं माणूस, मन कसं असतं, आणि जगावंसं वाटत नाही असं कधी होतं का. सोप्याकडून अवघडाकडे. कधी नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतात, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं म्हणून, त्याला पीएचक्यू-नाईन म्हणतात. तो परीक्षेचा पेपर नाही, त्यात नापास होत नाही कुणी, आणि नुसत्या त्या आकड्यावरून आजार ठरवतही नाहीत.

आत्महत्येबद्दल विचारलं तर नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होणार नाही का?

नाही होत. हा गैरसमज शिक्षकांमध्ये आणि चक्क डॉक्टरांमध्येही आहे. ज्याच्या डोक्यात नाही तो ‘छे, असं काही नाही’ म्हणून मोकळा होतो, ज्याच्या डोक्यात आहे त्याला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं, कित्येकदा पोरं तिथेच रडायला लागतात. स्पष्ट मराठीत विचारा, ‘मरून जावं असं वाटतं का?’ आडून आडून नको.

पोरगा म्हणतो जगून काय करू. रिझल्ट लागल्यापासून असं चाललंय. आम्ही आत्ता काय करायचं?

त्याला एकटा ठेवू नका आणि आजच दाखवा, सोमवारची वाट बघू नका. आणि घरातलं फवारणीचं औषध आत्ताच्या आत्ता हलवा. हे मी प्रत्येक शेतकरी घराला सांगते, कपाशीच्या पट्ट्यात तर दोनदा सांगते. पोरं बहुतेक वेळा महिनाभर ठरवून करत नाहीत, भांडण झालं, बोलणी बसली, त्या अर्ध्या तासाच्या भरात समोर जे दिसलं ते घेतात, आणि आपल्याकडे कोपऱ्यात समोर दिसतं ते तणनाशक नाहीतर कीटकनाशक. ते कुलपात गेलं, किल्ली तिसऱ्याकडे गेली, तर तो अर्धा तास निघून जातो. हे शब्दशः जीव वाचवणारं काम आहे आणि त्याला कुठलाही तज्ज्ञ लागत नाही.

घेतलंच असेल तर १०८ ला फोन करा, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, औषधाची बाटली बरोबर घ्या. तासाभराने बरा दिसतोय म्हणून घरी थांबू नका, काही विषं दोन दिवसांनी उलटतात.

पण दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल, पोराचं आयुष्य बरबाद होईल.

यापायी लोक ‘चुकून प्यायला’ सांगतात, कधी उशीर करतात आणि पोरं जातात. दवाखान्याला एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद करावी लागते, तो कागद होतो. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की ज्याने आत्महत्येचा प्रयत्न केला तो प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारची. खरं कारण सांगा. ‘चुकून’ लिहिलं गेलं की पोराला पोटाचा इलाज मिळतो, समुपदेशकाकडे कुणी पाठवत नाही, आणि घरी जाताना तो होता तसाच असतो.

गोळ्यांची सवय लागते का? आयुष्यभर घ्याव्या लागतात का?

डिप्रेशनवरच्या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि लोक आठव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून बंद करतात. मुलांमध्ये सगळ्यात जास्त अभ्यास झालेली गोळी फ्लुओक्सेटीन आहे. पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत कधीकधी अस्वस्थपणा आणि मरणाचे विचार वाढू शकतात म्हणून त्या दिवसांत लक्ष ठेवायचं, आठवड्याला भेटायचं, आणि मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची, अल्प्राझोलामसारख्या. त्या मेडिकलमधून परस्पर आणून पोरांना देऊ नका, प्लीज. आणि सगळ्यांना गोळ्या लागतच नाहीत, सौम्य त्रासात आधी बोलणं, झोपेचं वेळापत्रक, बंद पडलेल्या गोष्टी थोड्या थोड्या परत सुरू करणं, यानेच पुष्कळ पोरं सावरतात.

साधी ट्रेनिंग घेतलेली व्यक्ती बोलून काय बरं करणार? ती काय सायकॉलॉजिस्ट आहे का?

याचं उत्तर शेजारच्या गोव्यात मिळालंय. तिथे संगाथ संस्थेने मानस नावाचा अभ्यास केला, डॉ. विक्रम पटेल त्यात होते, पीएचसीत आणि खाजगी डॉक्टरांकडे साध्या पदवीधर मंडळींना शिकवून समुपदेशक म्हणून बसवलं, वर डॉक्टर आणि तज्ज्ञाची देखरेख. २०१० मध्ये निकाल आला, सरकारी केंद्रांत डिप्रेशन आणि चिंतेचे पेशंट नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त प्रमाणात बरे झाले. ते पेशंट वयाने मोठे होते हे खरं. नंतर दिल्लीच्या सरकारी शाळांत नववी ते बारावीच्या मुलांवर त्यांनीच प्रयोग केला, समुपदेशकाबरोबर चार-पाच छोट्या भेटी, अडचण कोणती, तिच्यावर काय काय करता येईल, एक करून बघू, असं. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी कमी झाल्या, आजाराच्या लक्षणांत मात्र तेवढा फरक पडला नाही. म्हणजे जादू नाही. पण काहीच न मिळण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि देखरेख असेल तरच, नाहीतर दोन दिवसांच्या ट्रेनिंगवर कुणालाही खुर्चीत बसवणं मला पटत नाही.

मुलीच्या अंगात येतं. आम्ही आधी देवऋष्याकडे नेलं. आता दवाखान्यात गेलो तर डॉक्टर ओरडतील?

ओरडू नये, ओरडले तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. तुमच्या श्रद्धेशी आमचं भांडण नाही. फक्त मारणं, चटके, धुरी, उपाशी ठेवणं यातलं काही होऊ देऊ नका, आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. आणि एकदा फिट आहे का ते तपासून घ्या, मिरगीच्या गोळ्या पीएचसीत मिळू शकतात आणि अशा कित्येक ‘बाधा’ त्या गोळ्यांनी थांबतात. फिट नसेल तर मुलीला कसला ताण आहे ते बघू. लग्न ठरवताय का तिचं? हा प्रश्न मी नेहमी विचारते आणि उत्तर बऱ्याचदा हो असतं.

खर्च किती?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

हे कुठे नोंद होऊन पुढे नोकरीला, लग्नाला आडवं येईल का?

केसपेपर तुमचा आहे, कायद्याने ही माहिती गुप्त ठेवायची असते, शाळेला किंवा पाहुण्यांना कुणी देऊ शकत नाही. लग्नाचं मी सांगू शकत नाही, लोकांची मनं कायद्याने बदलत नाहीत.

आमचा पोरगा शाळेत जातो, दवाखाना सकाळचा. सुट्टी काढली की सर विचारतात कशाला.

ही खरी अडचण आहे, आणि हिच्यावर कुणी फार बोलत नाही. शाळा आणि ओपीडी एकाच वेळी, म्हणजे ज्यांच्यासाठी सोय केली त्यांनाच येता येत नाही. आठवड्यातून एक दुपार शाळा सुटल्यावर पीएचसीत एक वेगळी खोली, तिला नुसता पडदा नको, खरं दार हवं, केसपेपरच्या रांगेत ‘कशासाठी आलास’ मोठ्याने न विचारणं, एवढं केलं तरी पोरं येतात, याला वेगळा निधी लागत नाही. शाळा तपासणीची आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) टीम वर्षाला दात, डोळे, कान बघते, तिने मनाचे दोन प्रश्न विचारले आणि नाव पीएचसीला कळवलं तर किती सोपं होईल. आश्रमशाळेतल्या पोरांना तर घरचं कुणी जवळ नसतं, तिथे हे सगळ्यात आधी व्हावं असं मला फार वाटतं.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, सहा महिने. मुलगीही येते बरोबर. तिच्या गोळ्या आत्ताच चालू झाल्यात, मग?

जायच्या आठ दिवस आधी या. डॉक्टरांना सांगा की कोणत्या कारखान्याला जाताय, ते जास्त दिवसांच्या गोळ्या देऊ शकतील का हे तेव्हाच ठरेल, आणि मरणाचे विचार असतील तर सगळा साठा मुलीच्या हातात द्यायचा नाही, आईने ठेवायचा. केसपेपरचा फोटो मोबाईलमध्ये काढा, गोळीच्या पाकिटाचाही, नाव वाचता येईल असा. कारखान्याजवळच्या कुठल्याही पीएचसीत तो दाखवला की गोळी पुढे चालू ठेवता येते, ‘तुमचा एरिया नाही’ असं कुणी म्हणू शकत नाही. मध्ये बोलावंसं वाटलं तर १४४१६ फडातूनही लागतो. आणि शक्य असेल तर मुलीला आजीकडे ठेवून शाळा चालू राहील असं बघा, जमत नसेल तर तसंही सांगा, आम्ही त्याप्रमाणे फोनवर भेटीची वेळ ठरवू, रात्री आठनंतर चालतं का तेवढं कळवा.